नंदूचा खांदा

मी भांडखोर नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लंडनच्या पिनरमध्ये कोणालाही विचारलंत तर नेमकं उलटं ऐकायला मिळेल. माझं म्हणणं एवढंच असतं की जे चौदा वर्षं नीट चाललंय त्याला उगाच हात लावू नये. कोणी लावला की मग मी बोलतो. थोडं मोठ्याने बोलतो, एवढंच.

आमचं ढोल-ताशाचं पथक आहे, धडाडी पथक, पिनर. अठ्ठावीस ढोल, सहा ताशे, चार झांजा, एक ध्वज. दर रविवारी एका शाळेच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये सराव. मी आणि नंदूने पथक काढलं तेव्हा आमच्याकडे दोन ढोल, एक ताशा आणि माझं गॅरेज एवढीच इस्टेट होती. पहिल्याच रविवारी शेजारणीने पोलीस बोलावले. त्यातला एक पोलीस जाताना झांज वाजवून गेला, पण तो विषय वेगळा.

चौदा वर्षं मी पथकप्रमुख होतो आणि माझे नियम तीनच होते. ढोल बांधला की पायात बूट नाहीत. कानात बोळे नाहीत. आणि वादन चालू असताना शिट्टी नाही, हातवारे नाहीत. ताशाने उठाव द्यायचा, तो ऐकून ढोलाने उचलायचं. ताशा बोलतो, ढोल ऐकतो. हातवारे करायला आपण काय चौकातले हवालदार आहोत?

"जन्मभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात पोट भरलं," सुहासिनी म्हणते, "आणि पथकात म्हणे सिग्नल नको!" सुहासिनी माझी बायको. झांज वाजवते, आणि टोमणा कधी हाणायचा तेही तिला बरोबर कळतं.

तर गेल्या जानेवारीत एजीएममध्ये निवडणूक झाली. चौदा वर्षांत कधी झाली नव्हती. मालविका उभी राहिली आणि एकोणीस विरुद्ध अकरा मतांनी मला पाडलं. आमच्या घरात दोन मतं होती. त्यातलं एकच मला मिळालं, आणि ते माझं होतं.

"अहो, तुम्ही दमता आता," सुहासिनी गाडीत म्हणाली. मी घर येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही. हॉलपासून घर सात मिनिटांवर आहे, पण तत्त्व म्हणून.

आता ही मालविका कोण? मूळची नागपूरची, कार्डिफला शिकली, आणि आता इथल्या हॉस्पिटलात ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे कान तपासणारी. ढोल पथकाची प्रमुख कोण, तर कान तपासणारी! खाटकाच्या दुकानात शाकाहारी मॅनेजर ठेवण्यातला प्रकार. मुलगी गुणी आहे, ढोल उत्तम वाजवते, मला 'उदयकाका' म्हणते. पण पहिल्याच रविवारी तिने खिशातून आवाज मोजायचं यंत्र काढलं आणि आकडा सगळ्यांना दाखवला. एकशे बारा डेसिबल.

"एवढ्या आवाजात कान उघडे ठेवून काही मिनिटंसुद्धा उभं राहू नये," ती म्हणाली. "आपण दोन दोन तास उभे असतो."

मग सुरू झालं. ढोल बांधण्याआधी कमरेचे व्यायाम. दोरीऐवजी रुंद पट्टा. दर वीस मिनिटांनी पाणी. आणि कानात बोळे. जूनमध्ये कार्डिफला यूकेतल्या सगळ्या पथकांची स्पर्धा होती आणि त्यात यंदा शंभरपैकी वीस मार्क सुरक्षिततेला ठेवले होते. प्रत्येक वादकाचा कान तपासल्याचा रिपोर्टही द्यायचा होता. मालविकाचं म्हणणं, बोळे घातल्यावर ताशा बारीक ऐकू येणार, म्हणून ती मागे उभी राहून हाताने खुणा करील.

मी उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. परंपरा, पुणे, आमचे गुरुजी, गॅरेज, सगळं काढलं. शेवटी आवाज भरून आला, तोही खरा. मतदान झालं. बोळे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले, आणि खुणांचा ठराव पडला. शिवाय पहिल्या ढोलाचा मान माझ्याकडेच राहिला. पहिला ढोल म्हणजे सगळ्यांच्या पुढे, एकटा, परीक्षकांकडे तोंड करून. तो पडला की मागचे सत्तावीस पडतात. त्या दिवशी मी घरी येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

आता खरं सांगतो. मला ताशा ऐकू येत नव्हता.

ढोल येत होता. माणसं बोललेली येत होती, थोडी पुटपुटल्यासारखी. पण बारीक, टोकदार आवाज दोन वर्षांपासून गायब होते. आधी मला वाटलं पिनरमधले पक्षीच गेले. मी कौन्सिलला तसं पत्रही लिहिलं, की आमच्या रस्त्यावर वसंत ऋतूत एकही पक्षी गात नाही, आपण याबाबत काय करत आहात? कौन्सिलचं फार सभ्य उत्तर आलं की आमच्या नोंदीनुसार पक्षी नेहमीइतकेच आहेत. मी म्हटलं, झोपलेत लेकाचे. मायक्रोवेव्ह वाजेनासा झाला म्हणून मी तो बदलला. नवाही वाजेना तेव्हा मात्र मला कळलं की बिघाड मायक्रोवेव्हमध्ये नाही.

पण पथकात माझं अडलं नाही, कारण नंदू. नंदू आमचा मुख्य ताशा, माझ्या उजवीकडच्या रांगेच्या पुढच्या टोकाला उभा राहतो. त्याला एक सवय होती. उठाव द्यायच्या आधी त्याचा उजवा खांदा टुणकन वर जायचा. खांदा वर गेला की चार मोजायचे आणि टिपरू ढोलावर मारायचं. दोन वर्षं मी अख्खा ढोल नंदूच्या खांद्यावर वाजवला, आणि कोणाला पत्ता नाही! मला तर स्वतःचं कौतुकच वाटायचं.

फक्त तो कानाचा रिपोर्ट राहिला होता.

मालविकाने सगळ्यांना एका शनिवारी क्लिनिकमध्ये बोलावलं. मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. "काका, आवाज आला की दाबा. कितीही बारीक असला तरी." ती काचेपलीकडे, माझ्याकडे पाठ करून.

पहिले जाडे आवाज आले. दाबलं, दाबलं, दाबलं. मग सगळं गप्प. मी थांबलो. आणखी थांबलो. म्हटलं, आवाज येत असणार, मला कळत नाहीये. मग डोकं चालवलं. आवाज म्हटला की तो काही लयीत येणारच ना? चाळीस वर्षं वाजवतोय, एवढं कळत नाही होय? मी मध्यम लय धरली आणि चार मात्रांनंतर एक, असं बटण दाबत गेलो. मस्त जमलं. हात इतका सुटला की शेवटी सवयीने तिहाईसुद्धा घेतली. तोच तुकडा तीनदा, आणि समेवर बटण सोडलं.

बाहेर आल्यावर मालविका म्हणाली, "काका, रिपोर्टबद्दल बोलायचंय. मंगळवारी याल?"

मंगळवारी मला सर्दी झाली. पुढच्या मंगळवारी बॉयलरवाला यायचा होता. त्यानंतर तिच्या ईमेल मी उघडेनासाच झालो. तिने तीन फोन केले, एकदा घरी चिठ्ठीही टाकली. ती मी रिसायकलिंगमध्ये टाकली, कारण नियम म्हणजे नियम.

असं करत जून आला आणि आम्ही कोचने कार्डिफला निघालो. ढोल गाडीच्या पोटात, माणसं वर, मागच्या सीटवर चकल्यांचा डबा. रेडिंगच्या पुढे मालविका येऊन माझ्या शेजारी बसली. कोचमधून काही बॉयलरवाल्याचं कारण काढता येत नाही.

तिने टॅब्लेट उघडला. "काका, ही तुमची टेस्ट. इथपर्यंत ठीक आहे. आता हे दीड मिनिट बघा. यात तुम्ही तेवीस वेळा बटण दाबलंय. अगदी सारख्या अंतराने. एवढी पक्की लय मी आजवर एकाही पेशंटची बघितली नाही."

"मग?" मी म्हटलं. मान थोडी ताठ झाली होती.

"या दीड मिनिटात मी एकही आवाज दिला नव्हता. मी तुमचा फॉर्म भरत होते." तिने आलेख आणखी पुढे सरकवला. "आणि शेवटी तिहाई घेतलीत, काका."

खिडकीबाहेर मेंढ्या होत्या. मी मेंढ्या मोजायला लागलो.

"मशीन बिघडलं असेल," मी म्हटलं.

"काका, ऐकू येत नसेल त्याने वाजवू नये असा काही नियम नाही," ती हळू, पण माझ्याकडे तोंड करून बोलली. "नियम एवढाच आहे की त्याला खूण दिसली पाहिजे, आणि त्याने स्वतः पथकाला तसं सांगितलेलं पाहिजे. कोणाला तरी ऐकू येत नाहीये आणि बाकीच्यांना माहीत नाही, अशाने अपघात होतात. मी खोटा रिपोर्ट देणार नाही. पण तुमचं कोणाला सांगणारही नाही. ते तुम्ही सांगा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर आज पहिला ढोल सान्वी वाजवेल."

सान्वी ही आमची हॅरोत जन्मलेली, वीस वर्षांची पोर. वाजवते झकास. पण पहिला ढोल माझा! मी कार्डिफ येईपर्यंत विचार केला आणि ठरवलं की गुडघा दुखतो म्हणून सांगायचं आणि खुर्चीत बसायचं. गुडघा इज्जतीत दुखतो. कानाचं काढलं की म्हातारा झालो. ज्या खुणा मीच भांडून पाडल्या, त्याच मागायला उभं राहायचं? जीव गेला तरी नाही.

हॉलच्या चेंजिंग रूममध्ये मी लंगडायचा सराव करत होतो, तेवढ्यात नंदू आला. झब्ब्याचा गळा बाजूला करून त्याने मला उजवा खांदा दाखवला. मानेपासून दंडापर्यंत निळ्या पट्ट्या चिकटवलेल्या.

"फिजिओने उचलायला बंदी केलीय," तो म्हणाला. "मनगट चालतं, ताशा वाजेल. पण खांदा वर जाणार नाही आज. म्हटलं तुला आधी सांगून ठेवावं."

"मला कशाला सांगतोस?"

नंदूने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. "लेका उदय, दोन वर्षं मी काय हौस म्हणून खांदा उडवतोय?"

मी बाकावर टेकलो.

"इल्फर्डच्या मिरवणुकीत मी उठाव दिला आणि तू ढगांकडे बघत उभा होतास," तो म्हणाला. "तेव्हाच कळलं. दुसऱ्या उठावाला खांदा उडवून बघितला, तर तू बरोबर उचललंस. मग काय, चालू ठेवलं."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू भांडला असतास."

हे खरं होतं. मी भांडलो असतोच. दोन वर्षं हा माणूस दर रविवारी दोन तास खांदा उडवत होता आणि मला वाटत होतं मी हुशार आहे. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी लंगडत बाहेर निघालो, मग आठवलं की लंगडायचं कारण उरलं नाही.

बाहेर सगळे ढोल बांधून उभे होते. मी समोर गेलो. चौदा वर्षं ह्यांच्यापुढे बोललोय, पण इतकं थोडक्यात कधीच नाही.

"मला ताशा ऐकू येत नाही," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. लपवलं, चुकलं. मला खूण लागेल. मालविका, तू खूण कर. बाकीच्यांना अवघड जाईल, आयत्या वेळी शिकावं लागेल, त्याबद्दल माफ करा."

कोणी काही बोललं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही. मग सान्वीने हात वर केला.

"काका, सॉरी, पण आपण मार्चपासून हँड सिग्नल करतो ना. तुमची पाठीमागे."

मी मालविकाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

"म्हणजे?"

"म्हणजे तू सगळ्यांच्या पुढे, तोंड तिकडे करून," नंदू म्हणाला. "आणि ही मागे, समोरासमोरच्या दोन रांगांच्या मधे. तू सोडून सगळ्यांना दिसते."

"आणि बोळे?"

सान्वीने केस बाजूला केले. कानात बोळा. तिच्या शेजारच्या मिहीरच्याही कानात. मग एकेकाने मान वळवून दाखवली. अख्ख्या पथकात कान उघडे असलेला मी एकटा होतो, आणि मलाच ऐकू येत नव्हतं! सुहासिनीने पदर सावरला आणि शांतपणे डोकं वळवलं. तिच्या कानात गुलाबी होते.

"तूसुद्धा?"

"अहो, तुमच्याशी कोण डोकं फोडणार?" ती म्हणाली. "सरावाचे दोन तास फुकट जायचे."

"तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलंत!" मी ओरडलो.

"आणि तू आम्हाला काय बनवत होतास?" नंदूने विचारलं. तेव्हा मात्र मालविकाला हसू आवरेना, आणि मग सगळेच हसले, मीही. तिने माझ्या हातावर दोन बोळे ठेवले. तिच्या पिशवीत एक जोडी शिल्लक होती. मार्चपासून बाळगत होती म्हणे.

"तुम्ही फक्त तोंड फिरवा, काका," ती म्हणाली.

पहिल्या ढोलाने परीक्षकांना पाठ दाखवायची म्हणजे आमच्या पथकात पाप. मी बोळे घातले, हॉलच्या मधोमध गेलो आणि तोंड फिरवलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा वाजवताना मला माझं पथक समोरून दिसलं. केवढं मोठं झालं होतं! मालविकाचा हात वर गेला. चार बोटं, तीन, दोन, एक. मी टिपरू घातलं आणि माझ्याबरोबर सत्तावीस ढोल असे पडले की पोटातून पायात गेले. साडेसहा मिनिटं मी कोणाचा खांदा बघितला नाही. एकदाही चुकलो नाही. फार मजा आली, खोटं कशाला बोलू?

शेवटच्या दीड मिनिटात नंदूचा एकल ताशा होता. ढोल सगळे गप्प. मला खूण मिळाली, मी थांबलो आणि बाजूला नंदूकडे बघितलं. खांदा दगडासारखा, आणि खाली दोन्ही काड्या दिसू नयेत अशा वेगाने फिरत होत्या. त्याच्या मागे प्रेक्षक उभे राहिले होते. कोणीतरी डोळे पुसत होतं. माझ्या मनात आलं, अरे, बोळ्यांमुळे येत नसेल. बोळे काढले तर येईलही. माझ्या नंदूचा ताशा मला थोडासा तरी येईल.

मी दोन्ही बोळे काढले. नंदूच्या काड्या तशाच फिरत राहिल्या, आणि काहीच फरक पडला नाही.

निकाल लागला. इल्फर्डवाले एक्क्याण्णव, आम्ही नव्वद. मार्कांच्या कागदावर शेवटी एक ओळ होती, की वादन चालू असताना एका वादकाने कानातले बोळे काढले, सुरक्षिततेचे दोन मार्क वजा. एका वादकाने! परतीच्या कोचमध्ये स्विंडनपर्यंत सगळे माझ्या नावाने शंख करत होते. ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. फक्त मालविका ओरडली नाही. बोळे मी कोणत्या मिनिटाला काढले, हे तिने बघितलं होतं.

"मंगळवारी दहा चाळीस," ती म्हणाली. "बॉयलरवाल्यालाही घेऊन या."

मी नंदूला घेऊन गेलो. मालविकाने दोन्ही कानांमागे दोन छोटी यंत्रं बसवली, काँप्युटरवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "आता." आधी कागद वाजला. कागद वाजतो हे मी विसरलोच होतो. मग तिच्या बांगड्या. मग खिडकीबाहेर कोणीतरी जिवाच्या आकांताने चिवचिवायला लागलं, आणि मला आठवलं की कौन्सिलला माफीचं पत्र पाठवावं लागणार.

नंदूने विचारलं नाही की येतंय का. त्याने टेबलावरचा स्टीलचा ट्रे पुढे ओढला, दोन पेनं घेतली आणि मनगटावरच ताशा सुरू केला. बारीक, कडक, दाणेदार. दोन वर्षांनी! माझे डोळे भरून आले, पण मी कान देऊन ऐकत होतो, आणि माझा स्वभाव तुम्हाला आता माहीत आहे.

"नंद्या," मी म्हटलं, "उजवी काडी मागे राहतेय तुझी."

"दोन वर्षं राहतेय," नंदू म्हणाला. "खांद्यामुळे."

मी ट्रे त्याच्याकडे सरकवला, त्याला हात फार लांब करावा लागू नये म्हणून.

"पुन्हा वाजव," मी म्हटलं.